सात मिलिमीटरची पितळी नळी : पेन-किटची पार्श्वभूमी

हौस म्हणून लेथवर (वस्तू फिरती ठेवून कातायच्या यंत्रावर) पेन बनवणाऱ्यांची सुरुवात बहुतेक वेळा तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या पिशवीपासून होते. पिशवीवर नाव असतं ‘स्लिमलाइन’. आत पितळेच्या दोन नळ्या, पुढची निमुळती टिप, पिळायची यंत्रणा, मधलं कडं, क्लिप, मागची टोपी आणि एक रिफिल. पेनाला लिहिण्यासाठी जे लागतं ते सगळं यात आहे. नाही ते फक्त हातात धरायचं अंग. ते लाकडाचं, ॲक्रिलिकचं किंवा शिंगाचं करून चढवायचं, की पेन तयार.

एखाद्या लाकूडकाम करणाऱ्याने हा प्रकार आखला असता तर तो असा झालाच नसता. नळी ७ मिमीची का, लाकडाचा ठोकळा पाऊण इंच जाड आणि ५ इंच लांबच का, पेनाच्या टोकाला लाकूड जेमतेम एटीएम कार्डाइतकं जाड का उरतं, याची उत्तरं लाकडात सापडत नाहीत. ती सापडतात कारखान्यात बनणाऱ्या एका सडपातळ धातूच्या बॉलपेनात, आणि त्याहून आत, त्याच्या रिफिलमध्ये.

टाकाच्या दांड्यापासून रिफिलपर्यंत

टाक दौतीत बुडवून लिहायच्या काळात लाकडाचं आणि लेखणीचं उत्तम जमत होतं. दांड्याने शाई सांभाळायची नव्हती, फक्त पुढची निब धरायची होती. त्यामुळे दांडा कातीव लाकडाचा असला तरी अडत नसे. फाउंटन पेन आलं आणि लाकूड मागे पडलं. लुईस वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतलं तेव्हापासून पेनाचं पोट हीच शाईची टाकी झाली. लाकूड शाई पितं, फुगतं, आणि त्यात कापलेले बारीक आटे चारदोन वेळा उघडझाप केली की झिजतात. हे काम एबोनाइटने, म्हणजे कडक रबराने, उचललं. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली. गंधकाचं प्रमाण बरंच वाढवून केलेल्या कडक रबराचं पेटंट त्याचा भाऊ नेल्सन याने १८५१ साली घेतलं. एबोनाइट शाईला दाद देत नाही, लेथवर लोण्यासारखं कापलं जातं आणि आटे नेटके धरतं. म्हणजे फाउंटन पेन पहिल्यापासून लेथवरचीच वस्तू होती, पण ते लाकडाचं काम नव्हतं, आणि घरी बसून करण्यासारखंही नव्हतं.

लाकडाला परत दार उघडलं ते बॉलपेनने. लास्लो बिरोने १९३८ साली युरोपात आणि १९४३ साली अर्जेंटिनात पेटंट घेतलं. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिंबेल्स दुकानात रेनॉल्ड्सचं बॉलपेन साडेबारा डॉलरला विक्रीला आलं आणि लोकांची झुंबड उडाली. ती पहिली पेनं गळायची, हा भाग निराळा. महत्त्वाचं ते पुढे झालं. शाई, गोळी आणि तिचं घर हे सगळं एका बंद नळीत गेलं. ती नळी संपली की फेकायची आणि दुसरी घालायची. पेनाच्या अंगाचा शाईशी संबंधच उरला नाही. अंग आता काहीही असू शकत होतं.

रिफिल आत धरायचं आणि हवं तेव्हा पुढे-मागे करायचं, यासाठी मात्र दोन वेगळे पंथ पडले. पार्करने १९५४ साली ‘जॉटर’ आणलं. त्याचं रिफिल आखूड आणि जाडसर, मागे दातेरी प्लास्टिकचं डोकं. ते मागून ढकललं जातं, पण परत ओढणारं काही नसतं, म्हणून टिपेच्या आत स्प्रिंग लागते. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात १८४६ साली सुरू झालेल्या क्रॉस कंपनीचा मार्ग वेगळा. शंभरीच्या निमित्ताने १९४६ साली तिने ‘सेंच्युरी’ ही सडपातळ घडण आणली आणि पुढे बॉलपेनंही याच घडणीत आली. क्रॉसचं रिफिल लांब, बारीक, आणि त्याच्या मागच्या टोकाला आटे असतात. ते पिळायच्या यंत्रणेत फिरवून बसवलं की यंत्रणाच त्याला पुढे नेते आणि तीच मागे ओढते. स्प्रिंग नको, म्हणून टिप बारीक ठेवता येते आणि भाग कमी लागतात.

स्लिमलाइन किट हे सरळ याच घडणीचं पोट आहे. वरचा अर्धा भाग पिळायचा, रिफिल बाहेर. उलटा पिळायचा, रिफिल आत. क्रॉसने अंग धातूच्या पत्र्याचं केलं होतं. किटमध्ये त्या जागी उघडी पितळी नळी आली.

तैवानची नळी, अमेरिकेचं ड्रिल

अमेरिकेत लाकूड कातण्याच्या छंदाला १९७० च्या दशकापासून नव्याने भरती आली होती. १९८६ साली अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही संघटना उभी राहिली. तोवर छंद म्हणजे मुख्यतः वाडगे, थाळ्या, फुलदाण्या. त्याला मोठं लेथ, ओलं लाकूड, वाळवायला महिने आणि ठेवायला जागा. पेनाला यातलं काहीच लागत नाही. हाताएवढा तुकडा पुरतो, संध्याकाळभरात वस्तू होते, आणि ती कुणालाही भेट देता येते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात किट विक्रीला येऊ लागली आणि १९९० च्या दशकात तो स्वतंत्र छंद झाला. फिलाडेल्फियाची पेन स्टेट इंडस्ट्रीज, युटामधल्या प्रॉव्होची क्राफ्ट सप्लाइज, ओहायोची बेरिया हार्डवुड्स ही या व्यापारातली ठळक नावं. विक्रेते अमेरिकेतले असले तरी माल मुख्यतः पूर्व आशियातला. आधी तैवान, तिथली डायाकॉम हे त्यातलं मोठं नाव, आणि नंतर चीन. या कारखान्यांना टिपा, क्लिपा, पिळायच्या यंत्रणा लाखांनी करायची सवय होती. सुटे भाग पिशवीत भरून द्यायचे, एवढीच नवी गोष्ट.

मापांत ही जन्मकथा स्पष्ट दिसते. अमेरिकी गॅरेजमधली ड्रिल बिटं इंचाच्या अपूर्णांकात, आणि नळी मात्र बाहेरून ७ मिमी. जवळची इंची बिटं घेऊन पाहा. १७/६४ म्हणजे ६.७५ मिमी, नळी आत जात नाही. ९/३२ म्हणजे ७.१४ मिमी, नळी आत खुळखुळते आणि गोंदावर तरंगत वाकडी बसते. त्यामुळे किट विकणाऱ्याकडूनच ७ मिमीचं बिट घ्यावं लागे. ज्यांना थोडा मोकळेपणा हवा असे ते अक्षरी मापाचं ‘जे’ बिट वापरत, ०.२७७ इंच, म्हणजे साधारण ७.०४ मिमी. तापल्यावर भोक आवळणाऱ्या ॲक्रिलिकसाठी ते आजही बरं पडतं. मेट्रिक मापात वाढलेल्या आपल्याला ही ओढाताण गमतीची वाटेल. पण आपले सुतार अजून सुतात आणि इंचात मोजतात, तेव्हा फार हसायला नको.

नळीची लांबी ५३ मिमीच्या आसपास. दोन नळ्या मिळून १०६ मिमी. करवतीचा काप, दोन्ही तुकड्यांना टोकांशी दोन-तीन मिमी जादा आणि घासण्याची तूट धरली तर सव्वाशे मिमी लांबीचा ठोकळा पुरतो. म्हणून बाजारात ‘पेन ब्लँक’ म्हणून जो तुकडा मिळतो तो पाऊण इंच चौकोनी आणि ५ इंच लांब. आज रेझिन ओतणारे, लाकूड विकणारे, शिंग कापणारे सगळे याच मापात माल देतात. एका रिफिलच्या लांबीने साचे ठरवले आहेत.

सळई, बुश आणि ०.७ मिलिमीटर

किटबरोबर तीन हत्यारं आली, आणि खरं तर त्यांच्यामुळेच हा छंद नवख्यांच्या आवाक्यात आला.

पहिलं मॅन्ड्रेल. नळीच्या आतून जेमतेम सरकेल अशी, सव्वासहा मिमीच्या आसपास जाडीची पोलादी सळई. एक टोक मोर्स टेपरने (निमुळत्या दांड्याने) हेडस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या डोक्यात, दुसऱ्या टोकाला आटे आणि पितळी नट, आणि तिथे टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या समोरच्या सरकत्या टोकाच्या, फिरत्या सेंटरचा (टोकदार आधाराचा) टेकू. दोन्ही तुकडे एकाच वेळी सळईवर ओवायचे. दुसरं हत्यार बुश : तुकड्यांच्या मध्ये आणि टोकांना बसणाऱ्या पोलादी कड्या, ज्यांचा बाहेरचा व्यास किटच्या धातूच्या भागांएवढा असतो. हत्याराची धार बुशला लागेपर्यंत लाकूड उतरवायचं. मग लाकूड आणि टिप एका पातळीत येतात, मोजायची गरजच उरत नाही. तिसरं बॅरल ट्रिमर : नळीत शिरणारा दांडा आणि त्यावर चार धारांचं कटर. ते नळी चिकटवलेल्या तुकड्याचं टोक नळीशी काटकोनात घासतं.

आता आकडा पाहा. स्लिमलाइनचा बुश सुमारे ८.४ मिमी. नळी ७ मिमी. वजा करून निम्मं केलं की उरतात ०.७ मिमी. टोकाशी लाकडाची भिंत एवढीच. त्यात पॉलिश पेपरने घासलं की आणखी कमी. बाजारातल्या बारीक धातूच्या पेनाची जाडी राखायची, आणि आत नळीही घालायची, या दोन अटींत लाकडाला एवढीच जागा उरली. किटच्या पेनाला टोकाशी चीर का पडते, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. न वाळलेलं लाकूड वापरलं तर ते नळीवर आवळत जातं. पितळ मागे हटत नाही, मग भिंत फाटते. चीर पहिल्या दिवशी दिसत नाही. हवा कोरडी झाली की दिसते.

उरलेलं निम्मं उत्तर गोंदात. नळीवर गोंद सगळीकडे पोचला नाही तर त्या पोकळ जागेवरचं लाकूड कातताना उडतं. म्हणून नळी आधी पॉलिश पेपरने खरवडायची, तिचं तोंड प्लॅस्टिसिनने किंवा बटाट्याच्या कापात दाबून बंद करायचं, म्हणजे आत गोंद जाणार नाही, आणि नळी गोल फिरवत आत सारायची. झटपट चिकटणारा गोंद वापरला आणि हात अर्ध्यावर थांबला, तर नळी तिथेच अडकते. दोन भागांचं इपॉक्सी वेळ देतं, आणि वेळ देणारा गोंदच इथे शहाणपणाचा. शिसवी किंवा कोकोबोलोसारखी तेलकट लाकडं असतील तर भोक आधी ॲसिटोनने पुसावं, नाहीतर गोंद धरत नाही.

ट्रिमरची चूक वेगळ्या जातीची. पितळ चकाकलं की थांबायचं. आणखी दोन फेरे दिले तर लाकूडच नाही, नळीही आखूड होते, आणि नळी आखूड झाली की रिफिलचं गणित बिघडतं. पेन बंद केलं तरी शाईचं टोक बाहेरच राहतं आणि खिशाला डाग पडतो. लोक दोष यंत्रणेला देतात; चूक झालेली असते तासाभरापूर्वी, ट्रिमरखाली.

मॅन्ड्रेलचं दुखणं म्हणजे वाकणं. एवढी बारीक आणि लांब सळई टेलस्टॉकने जोरात दाबली, किंवा नट पान्याने आवळला, की ती मधोमध किंचित धनुष्य होते. लेथ फिरताना ते कळत नाही. पेन जोडल्यावर मात्र एका बाजूला लाकूड टिपेच्या वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असतं. उपाय साधे होते : नट बोटांनी, टेलस्टॉक नुसता टेकवलेला, सेंटर ६० अंशाचं. पुढे पोकळ फिरतं सेंटर आलं, जे सळईला नाही तर थेट बुशला दाबतं, म्हणजे सळईवर ताण येत नाही. जुने, हात बसलेले लोक आता बहुधा मॅन्ड्रेल बाजूलाच ठेवतात आणि एकेक तुकडा दोन ६० अंशी सेंटरांमध्ये धरून काततात. धातूकामातली ही फार जुनी रीत आहे. किटच्या जगाला ती पुन्हा शोधावी लागली, कारण किटबरोबर मॅन्ड्रेल आधी येऊन बसलं होतं.

याच सुमाराला टेबलावर मावणारी लहान लेथंही आली. १० इंच व्यासाचं आणि दोन सेंटरांत १४ इंच जागा देणारं जेटचं ‘१०१४’ हे त्यातलं ओळखीचं. वाडगे करणाऱ्यांना ते अपुरं, पेनवाल्यांना भरपूर. एका हौसेसाठी एवढी स्वस्त यंत्रसामग्री जमून येणं सहसा होत नाही.

यंत्रणा किती दाबायची

किट जोडताना आटे जवळजवळ नसतातच. सगळं दाबून बसतं. त्यासाठी खास प्रेस मिळतं, पण दोन्ही जबड्यांना लाकडाचे तुकडे लावलेला व्हाइस तेच काम करतो.

खालच्या नळीच्या पुढच्या टोकात टिप दाबायची. मग मागून पिळायची यंत्रणा, पितळी बाजू आत. यंत्रणेवर एक खाच असते, तिथपर्यंत दाबायची असं सूचनापत्रात लिहिलेलं असतं. सूचनापत्र नळी मूळ लांबीची आहे असं गृहीत धरतं. तुमची नळी ट्रिमरखाली अर्धा मिमी गेली असेल तर खाच खोटी ठरते. म्हणून खाचेच्या थोडं अलीकडे थांबायचं, रिफिल फिरवून बसवायचं, यंत्रणा पिळून टोक किती बाहेर येतं ते पाहायचं, रिफिल काढायचं, केसभर दाबायचं, पुन्हा पाहायचं. पुढे दाबता येतं, मागे ओढता येत नाही, हा इथला नियम. एकदा जास्त दाबली तर यंत्रणा बाहेर काढण्यासाठी पंच आणि हातोडी लागते, आणि त्या धक्क्यात ०.७ मिमीची ती भिंत बहुधा फाटते.

नंतर कडं सरकवायचं, वरच्या नळीत क्लिप आणि टोपी एकत्र दाबायची, आणि वरचा भाग यंत्रणेवर हाताने चढवायचा. हा शेवटचा सांधा नुसत्या घर्षणाचा असतो, कारण रिफिल बदलायला तो उघडावाच लागतो. वरचा आणि खालचा तुकडा एकाच ठोकळ्यातून कापताना पेन्सिलीने खूण केली असेल तर लाकडाची नक्षी इथे जुळवता येते. वरचा तुकडा उलटा चिकटवला असेल तर कितीही फिरवा, जुळत नाही.

नळीच्या तोंडाशी गोंदाचा एक थेंब जरी सुकून राहिला असला तरी दाबताना भाग तिरपा जातो, नळी फुगते, लाकूड चिरतं. जोडण्याआधी नळीचं आतलं तोंड धारदार पात्याने खरवडणं हे काम मिनिटभराचं, आणि बहुतेक लोक तेच टाळतात.

मुलामा आणि लकाकी

सुरुवातीच्या किटवर सोन्याचा मुलामा हीच मुख्य शोभा होती, आणि तीच पहिली तक्रार. २४ कॅरेट म्हटलं की पिशवीवर छान दिसतं, पण शुद्ध सोनं मऊ असतं आणि थर अतिशय पातळ. रोज वापरलेल्या पेनाची टिप आणि क्लिप काही महिन्यांत पांढुरकी किंवा पितळी दिसू लागते. घाम ज्याचा आंबट, त्याचं पेन आधी जातं. यावरचा उपाय कापण्याच्या हत्यारांच्या उद्योगातून आला : निर्वात पेटीत धातूवर चढवलेला टायटेनियम नायट्राइडचा थर. ड्रिल बिटांवर जो सोनेरी रंग दिसतो तोच हा. दिसतो सोन्यासारखा, पण कमालीचा कडक. क्रोम, ऱ्होडियम, काळा टायटेनियम हे त्याच्या आगेमागे आले. जाणकार आज घेताना नाव पाहत नाहीत, मुलाम्याची जात पाहतात, आणि ते बरोबर आहे.

लाकडावरच्या लकाकीचा इतिहासही असाच बदलत गेला. आधी ‘फ्रिक्शन पॉलिश’ चाले. लेथ फिरतं ठेवून कापडाने लावायचं, घर्षणाच्या उष्णतेने चमकतं. त्यातला मुख्य घटक शेलॅक, म्हणजे आपली चपडा लाख. लेथवर लाख हे आपल्याकडे नवं नाही. सावंतवाडीच्या कातीव खेळण्यांवरही लाखेचंच काम असतं. पण खेळणं कपाटात राहतं, पेन हातात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि घामाने, हाताच्या तेलाने मंद पडते. काही आठवड्यांत चमक जाते.

त्या जागी आलं सायनोॲक्रिलेट, आपल्या बोलीत फेविक्विकच्या जातीचा गोंद. ईस्टमन कोडॅकच्या हॅरी कूव्हरला १९४२ साली ते हाती लागलं, तेव्हा सगळीकडे चिकटतं म्हणून बाजूला ठेवलं गेलं, आणि १९५८ साली ते गोंद म्हणून विकायला आलं. पेनावर तो गोंद म्हणून नाही, काचेसारखं कवच म्हणून लावतात. पातळ गोंदाचे थरावर थर, लेथ हळू फिरतं ठेवून, टिपकागदाने. सुती कापड कधीही घेऊ नये. सायनोॲक्रिलेट सुतात शिरलं की इतकं तापतं की बोट भाजतं, धूर निघतो. लवकर सुकावं म्हणून फवारा जास्त मारला तर थर पांढरा पडतो किंवा बुडबुडतो. आणि कवच बुशलाही चिकटतं. तसंच ओढलं तर पेनाच्या टोकाचा टवका बुशबरोबर येतो. म्हणून सांध्यावर आधी पात्याने हलकी रेघ मारायची, किंवा या कामापुरते गोंद न धरणाऱ्या प्लास्टिकचे शंकू लावायचे. शेवटची घासाई मायक्रोमेश या अतिबारीक घासकापडाने, १५०० पासून १२००० पर्यंत नऊ पायऱ्या, पाण्यासह. हा मालही पेनासाठी जन्मलेला नाही. विमानाच्या ॲक्रिलिक खिडक्यांवरचे ओरखडे काढण्यासाठी तो तयार झाला होता.

एक किट, पाच नावं

स्लिमलाइननंतर त्याच ७ मिमी नळीवर भावंडं निघाली. ‘युरोपियन’ त्यातलं सर्वांत परिचित : मध्ये रुंद कडं, वर भरदार टोपी. त्या कड्यासाठी वरच्या तुकड्याच्या टोकाशी लाकूड जवळजवळ पितळेपर्यंत उतरवून पायरी करावी लागते. नवख्यांचा हात इथे घसरतो. पायरी खोल झाली तर कडं सैल, उथळ राहिली तर कडं चढवतानाच लाकूड फाटतं.

सडपातळ पेन सगळ्यांच्या हाताला मानवत नाही. म्हणून ‘सिगार’ आलं, १० मिमीच्या नळीचं, पार्कर पद्धतीच्या रिफिलचं. मग बेरियाचं ‘सिएरा’, एकाच नळीचं. लाकडाचा तुकडा एकच, मधला सांधा नाही, नक्षी जुळवायची कटकट नाही. त्याचं बिट २७/६४ इंच, म्हणजे साधारण १०.७ मिमी. बिटाचं माप इंचात आलं, यावरूनच कळतं की आता आखणी अमेरिकेत होऊ लागली होती. पुढे पेन स्टेट इंडस्ट्रीजचं बंदुकीच्या बोल्टसारखा खटका असलेलं ‘बोल्ट ॲक्शन’ आलं, ३/८ इंच बिटाचं. शिकारीच्या हंगामात त्याला अमेरिकेत भेटवस्तू म्हणून जोरदार मागणी असते.

या वाढीत एक गोंधळ कायमचा शिरला. एखादी घडण चालली की तिच्या नकला निघतात, आणि तीच घडण दुसरा विक्रेता दुसऱ्या नावाने विकतो. सिएराच्या जातीचं पेन निरनिराळ्या दुकानांत निरनिराळ्या नावांनी मिळतं. बाहेरून सारखं, पण बुशमध्ये दशांश मिलिमीटरचा फरक असू शकतो. एकाचं किट आणि दुसऱ्याचा बुश वापरला की सांध्यावर नखाला लागेल अशी कड राहते. शिवाय पोलादी बुशही पॉलिश पेपरने झिजतो. पंधरा-वीस पेनांनंतर तो मूळ मापाचा उरत नाही. म्हणून बुश फक्त अंदाजाला ठेवावा आणि शेवटचं माप कॅलिपरने किटच्या प्रत्यक्ष भागावरून घ्यावं. बुशमुळे मोजावं लागत नाही, ही सोय पहिल्या दहा पेनांपुरतीच.

फाउंटन पेनची किटं, आणि किटशिवायची पेनं

फाउंटन पेन आणि रोलरबॉलची किटं आली तेव्हा टोपणाचा प्रश्न आला. घट्ट बसणारं टोपण लाकडाच्या पेनाला नको, कारण ओढाओढीत भाग सुटतात. त्यामुळे धातूचे आटे दिले गेले, बऱ्याच किटांत तीन-सुरुवातींचे, म्हणजे तीन आटे शेजारी-शेजारी सुरू होणारे. साध्या आट्याला टोपण चार-पाच वेळा फिरवावं लागतं. तीन-सुरुवातींच्या आट्याला एखाद्या फेऱ्यात काम होतं. पण टोपण तीन वेगवेगळ्या जागी धरू शकतं, आणि टोपणावरची नक्षी खालच्या अंगाशी त्यातल्या एकाच जागी जुळते. जाणकार जोडताना ती जागा शोधून मगच वरचा भाग दाबतात.

किटमधल्या निबांवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असं कोरलेलं असे. ती अक्षरं जिथे घडल्याचं सुचवतात तिथे निब घडलीच असेल असं नाही, आणि इरिडियम तर बहुधा नावालाच. निब खरखरीत निघाली की लोक बॉक किंवा योवो या जर्मन कारखान्यांची निब घालत. ५ आणि ६ क्रमांकाची मापं ठरलेली असल्याने ते जमून जाई. निब बदलली, मग क्लिप बदलाविशी वाटली, मग मधलं धातूचं कडं नकोसं झालं. शेवटी पिशवीतलं जवळपास काहीच उरलं नाही.

इथून किटविना पेनांची शाखा फुटली. २००४ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ पेनटर्नर्सच्या सभासदांत ती जोमाने वाढली. अडचण हत्याराची होती. पेनाच्या टोपणासाठी १२ मिमी व्यासाचा, आट्यांत ०.८ मिमी अंतराचा, तीन-सुरुवातींचा टॅप आणि डाय (आतले आणि बाहेरचे आटे कापायची हत्यारं) कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. तो खास बनवून घ्यावा लागतो आणि एकट्याला परवडत नाही, म्हणून अनेकांनी मिळून वर्गणी काढून संच बनवून घेतले. ग्रिपचा सांधा मात्र साध्या १० मिमी व्यासाच्या, १ मिमी अंतराच्या टॅपने होतो. पितळी नळी गेली, ट्रिमर गेला, बुश गेला, मॅन्ड्रेल तर आधीच गेलं होतं.

भारतात हाच प्रवास उलट्या टोकापासून झालेला आहे. स्वदेशीच्या चळवळीत, १९३० च्या दशकात, राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी एबोनाइटच्या कांड्या लेथवर कातून फाउंटन पेनं बनवायला घेतली. दक्षिणेतल्या अशा कारागिरांच्या हाती किट कधी आलंच नाही. कांडी कापायची, पोकळ करायची, आटे कापायचे, अंगात थेट ड्रॉपरने शाई भरायची. त्यात विकत काही आणायचं असलंच तर निब आणि तिच्याखालची जीभ. अमेरिकेतल्या किट सोडलेल्या हौशींनी जे दोन दशकांच्या वळणाने गाठलं, ते इथे पहिल्याच दिवसापासून चालू होतं. आता भारतीय एबोनाइटच्या त्याच कांड्या, एकरंगी आणि लाटांच्या नक्षीच्या, परदेशातले पेन कातणारे मागवतात.

एबोनाइटला एकच पथ्य लागतं. भोक पाडताना बिट दर पाच-सात मिमीला बाहेर काढून भुसा झाडायचा आणि कांडी गार होऊ द्यायची. तापलं की गंधकाचा वास येतो, आणि वास आला की भोक मापाबाहेर चाललंय असं समजायचं.